अँटेनाचा चोक आणि बाबांचं कानाचं मशीन



हे सदर सुरू केलं तेव्हा एक ठरवलं होतं. घरात जे बिघडतं आणि दुरुस्त करताना ज्यातून काही शिकायला मिळतं, तेवढंच लिहायचं. यावेळचा बिघाड माझ्यामुळेच झाला होता, आणि तो मला दीड महिना कळलाच नाही.

काकतीतल्या आमच्या घराच्या गच्चीवर गेल्या वर्षापासून एक तार ताणलेली आहे. कपडे वाळत घालायची नव्हे, हॅम रेडिओची अँटेना. दिवसभर कंपनीचं कोडिंग झालं की संध्याकाळी तासभर मी रेडिओवर बसतो. कधी पुण्याचे आजोबा भेटतात, कधी केरळातला एखादा मास्तर, तर कधी हुबळीचा कॉलेजातला पोरगा. एका रविवारी मी खाली चहाला आलो तेव्हा आई हळूच म्हणाली, "तुझं ते वर सुरू झालं की बाबा कानातलं मशीन काढून ठेवतात बघ. तुला सांगू नको म्हणालेत."

बाबांना दोन वर्षांपासून कमी ऐकू येतं. मशीन लावलं की त्यांना टीव्ही ऐकू येतो, फोन ऐकू येतो, नातीच्या गप्पा ऐकू येतात. आणि मी माइकचं बटण दाबलं की त्याच मशीनमधून बदक ओरडल्यासारखा आवाज यायचा. पोराचा नाद मोडायला नको म्हणून ते मशीन काढायचे आणि तासभर गप बसून राहायचे.

मला एवढी लाज वाटली की त्याच रात्री अँटेना उतरवायला निघालो होतो. बाबांनीच अडवलं. "उतरवू नकोस. कशासाठी बांधलीस ती, विसरलास काय?"

अँटेना कशासाठी

२०१९ चा ऑगस्ट आपल्या भागातलं कुणी विसरणार नाही. पंचगंगा, दूधगंगा, वेदगंगा सगळ्या पात्राबाहेर आल्या होत्या. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला. निपाणीजवळ यमगर्णीलाही वेदगंगेचं पाणी रस्त्यावर आलं. माझी आत्या वेदगंगेकाठच्या एका गावात राहते. तिथली वीज गेली, मग मोबाइलचा टॉवर बंद पडला आणि तीन दिवस तिचा काही पत्ता लागला नाही. बाबा फोन हातात घेऊन सोप्यात बसून होते. आत्या सुखरूप होती, शाळेच्या वरच्या मजल्यावर होती, हे चौथ्या दिवशी कळलं. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच.

तेव्हा मी हॅम रेडिओबद्दल वाचायला लागलो. टॉवर नाही, इंटरनेट नाही. एक रेडिओ, एक बॅटरी आणि एक तार एवढ्यावर दोन माणसं शेकडो किलोमीटरवरून बोलू शकतात. १९९३ च्या किल्लारी भूकंपात हॅम मंडळींनी निरोप पोचवले होते. २००४ च्या डिसेंबरात त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी योगायोगाने अंदमानातच हॅम रेडिओ घेऊन गेले होते. बाकी संपर्क तुटलेला असताना त्यांच्या रेडिओवरून बेटांवरची खबर मुख्य भूमीपर्यंत आली.

एक गोष्ट आधीच सांगतो. हॅम रेडिओ हा फुकटचा फोन नव्हे. त्यावर धंद्याचं बोलायचं नाही, आणि एरवी तिसऱ्याचे निरोपही पोचवायचे नाहीत. आपत्तीत प्रशासनाने मदत मागितली तर गोष्ट वेगळी. पण आपत्तीच्या दिवशी रेडिओ चालायला हवा असेल तर तो बाकीचे तीनशे दिवस चालता ठेवावा लागतो. बाबांना हे पटलेलं होतं. म्हणून ते मशीन काढून बसत होते.

म्हणजे अँटेना उतरवायची नाही आणि बाबांनी मशीनही काढायचं नाही. दोन्ही साधायचं होतं.

पाट फुटला की पाणी बांधावर

माझी अँटेना डायपोल आहे. सात मेगाहर्ट्झच्या, म्हणजे ४० मीटर बँडसाठी, दोन बाजूंना दहा-दहा मीटर तार आणि मधोमध खाली येणारी केबल. ही केबल जुन्या केबल टीव्हीच्या वायरसारखीच असते. मधे तांब्याची तार, त्याभोवती प्लास्टिक, त्यावर तांब्याची जाळी आणि वरून काळं आवरण. आमच्या घरी ती केबल गच्चीवरून बाबांच्या खोलीच्या भिंतीला लागून खाली येत होती.

आता गंमत बघा. दिसायला केबलमध्ये दोनच वाटा आहेत, मधली तार आणि जाळी. पण रेडिओच्या लहरींसाठी तीन वाटा असतात. जास्त फ्रिक्वेन्सीचा प्रवाह धातूच्या फक्त वरच्या सालीतून वाहतो. सात मेगाहर्ट्झला तांब्यात ही साल साधारण २५ मायक्रॉनची असते, आपल्या केसापेक्षाही पातळ. त्यामुळे जाळीची आतली बाजू ही एक वाट आणि बाहेरची बाजू ही दुसरी, जणू दोन वेगळ्या तारा. आतल्या दोन वाटांवरचे प्रवाह समान आणि उलट असतात, ते एकमेकांना झाकून टाकतात आणि बाहेर काही गळत नाही. पण वर अँटेनाच्या सांध्यापाशी जाळीच्या आतून आलेल्या प्रवाहाला दोन रस्ते दिसतात. तारेत जावं, की वळून जाळीच्या बाहेरच्या अंगाने खाली परत यावं.

शेतात पंपाचं पाणी पाटाने नेतो तेव्हा असंच होतं. पाट नीट असला तर पाणी वाफ्यात जातं. वाफ्याच्या तोंडाशी उंदराचं बीळ असलं की तेच पाणी बांधाच्या बाहेरून वाहत शेजाऱ्याच्या शेतात. माझं पाणी बाबांच्या खोलीत वाहत होतं. केबलची बाहेरची बाजू स्वतःच अँटेना झाली होती, बाबांच्या उशीपासून हातभर अंतरावर.

ही वाट दुतर्फा असते. पाठवताना प्रवाह खाली येतो आणि ऐकताना घरातली घाण वर जाते. एलईडी बल्ब, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर, वायफायचा राउटर सगळे थोडा थोडा रेडिओ कचरा सोडतात. तो केबलच्या बाहेरून चढून अँटेनाच्या तोंडातून माझ्या रेडिओत यायचा. रात्री आठ वाजता एवढी खरखर असायची की कोल्हापूरचा मित्र बोलतोय का कुणी पापड भाजतंय हे कळायचं नाही.

याला उपाय म्हणजे चोक. केबल एका फेराइटच्या कड्यातून दहा-बारा वेळा ओवायची. आतले दोन प्रवाह समान आणि उलट असल्याने कड्याला ते जाणवतच नाहीत, ते सुखाने जातात. बाहेरचा एकटा प्रवाह मात्र कड्याला जाणवतो आणि तिथे अडतो. ही कल्पना जुनी आहे. गुस्ताव ग्वानेला या स्विस इंजिनिअरने १९४४ मध्ये असल्या ट्रान्सफॉर्मरवर लिहिलं होतं. १९८३ मध्ये वॉल्टर मॅक्सवेल या अमेरिकन हॅमने केबलवर पन्नास फेराइट मणी ओवून केलेला चोक प्रसिद्ध केला.

कल्पना सोपी आहे. प्रश्न एवढाच की कोअर कुठला घ्यायचा.

"कसला कोअर?"

आमच्या शेजारचे अप्पा तीस वर्षं फौंड्रीत होते, कोअर शॉपमध्ये. बेळगावात कोअर म्हटलं की काय समजतात ते तुम्हाला ठाऊक आहे. वाळूत रेझिन घालून भाजलेला गाभा, ज्याच्यामुळे कास्टिंगला आतून पोकळी राहते. मी गच्चीवर कोअर-कोअर करतोय म्हटल्यावर अप्पा कंपाउंडवरून डोकावले. "कसला कोअर करालायस रे? शेल का कोल्ड बॉक्स?"

मी त्यांना काळं कडं दाखवलं. त्यांनी ते हातात तोललं, बोटावर टांगलं आणि नखाने टिचकी मारली. "भाजलेलं आहे की हे. माठासारखं."

अगदी बरोबर. फेराइट म्हणजे भाजलेली माती म्हणा ना. माती मात्र लोखंडाच्या गंजाची. आयर्न ऑक्साइडच्या भुकटीत मँगनीज आणि झिंकची, नाहीतर निकेल आणि झिंकची ऑक्साइड मिसळायची, साच्यात दाबायची आणि हजार-बाराशे अंशांच्या वर भट्टीत भाजायची. टोकियोत योगोरो काटो आणि ताकेशी ताकेई या दोघांनी १९३० मध्ये हे साहित्य शोधलं. त्याच्यावर १९३५ मध्ये टीडीके ही कंपनी उभी राहिली. आपल्या लहानपणी ज्यांच्या कॅसेट घरोघरी होत्या, तीच ही.

मँगनीज किती, निकेल किती, झिंक किती यावर त्याचा गुण ठरतो. एकाच मापाची, एकाच काळ्या-करड्या रंगाची दोन कडी पूर्ण वेगळी वागू शकतात. या प्रकाराला मिक्स म्हणतात आणि त्याला नंबर असतो. आमच्या कामाचे तीन नंबर:

३१ नंबर हे मँगनीज-झिंकचं. चुंबकी पारगम्यता, म्हणजे पर्मिएबिलिटी, सुमारे १५००. एक मेगाहर्ट्झपासून वर खरखर अडवायला चांगलं. ८० आणि ४० मीटर बँडला हेच घ्यावं.

४३ नंबर हे निकेल-झिंकचं, पर्मिएबिलिटी सुमारे ८००. वरच्या बँडांना, म्हणजे २० मीटरपासून १० मीटरपर्यंत, उत्तम. ४० मीटरलाही चालून जातं.

६१ नंबरही निकेल-झिंकचंच, पण पर्मिएबिलिटी सुमारे १२५. ट्रान्सफॉर्मरला छान, कारण या फ्रिक्वेन्सीवर ते फारशी ऊर्जा खात नाही. नेमकं म्हणूनच ४० मीटरच्या चोकला मी ते घेणार नाही.

हे शेवटचं वाक्य जरा उलटं वाटेल. ऊर्जा न खाणारं कडं चांगलं नाही का? मलाही तसंच वाटायचं. पण अडवण्याचे दोन प्रकार आहेत. एक स्प्रिंगसारखा, प्रवाहाला ढकलून परत पाठवणारा. दुसरा ब्रेकसारखा, ऊर्जा खाऊन थांबवणारा. स्प्रिंगवाल्या अडवणुकीची अडचण अशी की केबलची बाहेरची बाजू लांबीनुसार कधीकधी उलट्या गुणाची स्प्रिंग बनते. दोन उलट्या स्प्रिंगा जोडल्या की एकमेकींना रद्द करतात आणि प्रवाह कमी व्हायच्या ऐवजी वाढतो. ब्रेकला कुणी रद्द करू शकत नाही. म्हणून चोकचा रोध जास्तीत जास्त ब्रेकच्या जातीचा, म्हणजे रेझिस्टिव्ह असावा. ३१ आणि ४३ हे आपापल्या पट्ट्यात ब्रेकसारखे वागतात.

माझ्या तीन चुका

पहिली चूक काटकसरीची. जुन्या कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये एक पिवळं-पांढरं कडं असतं, पावणेतीन सेंटीमीटर व्यासाचं. घरात दोन पडली होती. आरजी-३१६ नावाच्या बारीक केबलचे बारा वेढे त्यावर बसले. वाटलं, फुकटात काम झालं. पण ते कडं फेराइट नसतंच. ती लोखंडाची दाबलेली भुकटी असते, २६ नंबरचं मिश्रण, पर्मिएबिलिटी जेमतेम ७५. मोजलं तर सात मेगाहर्ट्झला पाचशे ओहमच्या आसपास रोध मिळाला. ४० मीटरवर बाबांच्या मशीनमधला आवाज थोडा कमी झाला आणि २० मीटरवर आधी नव्हता तेवढा वाढला. वर सांगितलेल्या स्प्रिंगचा खेळ तो हाच असणार. शिवाय दहा मिनिटं बोललो की कडं चटका बसेल एवढं तापायचं.

दुसरी चूक लेबल वाचण्याची. लॅपटॉपच्या आणि मॉनिटरच्या केबलला गाठोड्यासारखा जो काळा ठोकळा असतो ना, तोही फेराइटच. क्लिप करून लावायचे ठोकळे मी मागवले. पाकिटावर शे-सव्वाशे ओहम लिहिलेले. पण तो आकडा १०० मेगाहर्ट्झवरचा असतो. सात मेगाहर्ट्झला त्यातले वीस-तीस ओहम हातात येतात. हजारो ओहम हवेत तिथे एवढ्याने काय होणार?

तिसरी चूक विश्वासाची. मग मी पैसे खर्च करायचं ठरवलं. हॅम लोकांत प्रसिद्ध असलेलं मोठं कडं म्हणजे एफटी-२४०. एफटी म्हणजे फेराइट टोरॉइड आणि २४० म्हणजे बाहेरचा व्यास २.४० इंच, साधारण ६१ मिलिमीटर. एका कड्याला चौघांच्या हॉटेलातल्या जेवणाइतके पैसे पडतात. ऑनलाइन एका विक्रेत्याकडून दोन मागवली, दोन्हीवर ३१ चा स्टिकर. चोक केला, सुधारणा दिसली, पण अपेक्षेच्या निम्मी.

फेराइटच्या कड्यांवर रंगाची खूण नसते आणि बहुतेकदा नंबरही नसतो. स्टिकर कुणीही लावू शकतो. पण घरच्या घरी तपासता येतं, आणि हे मी तुम्हाला मुद्दाम सांगतो कारण शाळकरी मुलांनाही जमेल. साध्या वायरचे दहा वेढे घाला आणि एलसीआर मीटरने इंडक्टन्स मोजा. एफटी-२४० च्या मापाला ३१ नंबर असेल तर साधारण २०० मायक्रोहेन्री येतात, ४३ असेल तर ११० च्या आसपास आणि ६१ असेल तर फक्त १७ च्या आसपास. वीस टक्के इकडेतिकडे चालतं. माझी दोन्ही कडी १०८ आणि ११३ दाखवत होती. म्हणजे ती ४३ होती. विक्रेत्याला कळवलं, त्याने अर्धे पैसे परत केले. कडी मी ठेवून घेतली, कारण २० मीटरला ती कामाची आहेत.

मोजताना एक ध्यानात ठेवा. वेढा मोजायचा तो कड्याच्या भोकातून केबल किती वेळा जाते त्यावरून. भोकातून एकदा सरळ गेली तरी तो एक वेढा झाला. मी सुरुवातीला बाहेरून दिसणारे फेरे मोजायचो आणि एकाने चुकायचो. सॉफ्टवेअरवाल्यांना शून्यापासून मोजायची सवय असते, तिचाही दोष असेल.

टिचकी आणि वेढे

पुढच्या वेळी ओळखीच्या हॅमकडून खात्रीचं ३१ मिळालं. अप्पांनी ते आधी मागून घेतलं, दोऱ्याला टांगलं आणि टिचकी मारली. कास्टिंगला तडा आहे का ते फौंड्रीत असंच वाजवून बघतात. खानापूरचा माठ घेतानाही आई बोटाने वाजवूनच घेते. खणखणीत वाजला तर अखंड, बद्द वाजला तर तडा. फेराइट काचेसारखं ठिसूळ असतं. पार्सलमध्ये आपटलं तर डोळ्याला न दिसणारी भेग पडते, आणि त्या भेगेतल्या हवेने पर्मिएबिलिटी एकदम खाली येते. म्हणून ही अप्पांची टिचकी मी आता पहिली तपासणी मानतो. मीटर नंतर.

आता वेढे किती? वेढे दुप्पट केले की इंडक्टन्स चौपट होतो, हे आपण बारावीत शिकलोय. मग पंचवीस वेढे का घालू नयेत? कारण वेढे एकमेकांशेजारी आले की त्यांच्यात थोडी कपॅसिटी तयार होते. त्यामुळे चोकचा एक शिखरबिंदू असतो. त्या फ्रिक्वेन्सीला रोध सगळ्यात जास्त आणि त्याच्या पुढे तो उतरत जातो. वेढे वाढवले की शिखर खालच्या फ्रिक्वेन्सीकडे सरकतं. ८० मीटरला जास्त वेढे लागतात, १० मीटरला कमी. सगळ्या बँडांना एकच चोक म्हणजे सगळ्या पायांना एकच चप्पल.

स्टीव्ह हंट या इंग्लंडच्या हॅमने निरनिराळी कडी आणि वेढे मोजून त्याचा रंगीत तक्ता केला होता. अमेरिकेतल्या जिम ब्राऊनने यावर सविस्तर लिहिलं. पूर्वी पाचशे ते हजार ओहम पुरेसे म्हणत, तो पाच हजारांपर्यंत जा म्हणतो, तेही रेझिस्टिव्ह. त्यात एक व्यवहारी शहाणपण आहे. कमी ओहमचा चोक जास्त तापतो आणि जास्त ओहमचा थंड राहतो, कारण त्याच्यातून प्रवाहच फार कमी जातो. तापणं साधं नव्हे. ३१ नंबरचं कडं १३० अंशांच्या पुढे गेलं की चुंबकी गुण हरवून बसतं. थंड झाल्यावर गुण परत येतो, पण तोवर चोक नसल्यासारखाच. एप्रिलच्या उन्हात काळ्या डब्यात बसवलेलं कडं आधीच तापलेलं असतं, हे विसरू नका.

मी ३१ नंबरच्या कड्यावर आरजी-३१६ चे बारा वेढे घातले. ही केबल अडीच मिलिमीटर जाड, आत टेफ्लॉन, म्हणून आवळून वळवली तरी मधली तार जागेवरून सरकत नाही. आरजी-५८ पण बसते. कड्याच्या भोकाचा व्यास साडेपस्तीस मिलिमीटर आहे, त्यात पाच मिलिमीटर जाडीच्या केबलचे बारा-तेरा वेढे आरामात मावतात, पण ती फार आवळू नये. आत फोम असलेली केबल तर वळवूच नये. आमची परवानगी ५० वॅटची, त्याला बारीक केबल पुरते.

मोजायला नॅनो-व्हीएनए नावाचं हातात मावणारं यंत्र वापरलं. चोकची बाहेरची वाट यंत्राच्या दोन तोंडांमध्ये सलग जोडायची आणि किती सिग्नल पार होतो ते बघायचं. वीस डेसिबल घट म्हणजे सुमारे ९०० ओहम, तीस म्हणजे सुमारे ३,००० आणि चौतीस म्हणजे सुमारे ५,०००. पिवळ्या कड्याची घट सोळा होती. या कड्याची बत्तीस आली, म्हणजे सुमारे ३,९०० ओहम. पाच हजार नव्हेत, पण पिवळ्याच्या सातपट.

मग काय झालं

चोक अँटेनाच्या मधोमध, केबल जिथे तारांना मिळते तिथेच बसवला. तेवढ्यावर थांबलो नाही. केबल बाबांच्या भिंतीवरून काढून घराच्या मागच्या बाजूने आणली, आणि घरात शिरते तिथे ४३ ची दोन्ही कडी एकावर एक ठेवून दुसरा चोक केला. दोन कडी म्हणजे तेवढ्याच वेढ्यांत दुप्पट रोध.

संध्याकाळी मी वर गेलो आणि आईला खाली बाबांजवळ बसवलं. ठरलं होतं की मी दहा आकडे मोजणार आणि आवाज आला की आई ताटली वाजवणार. मी दहापर्यंत मोजलं. ताटली वाजली नाही. पन्नासपर्यंत मोजलं. खाली येऊन बघतो तर आई स्वयंपाकघरात गेलेली आणि बाबा टीव्हीवर बातम्या बघत बसलेले, मशीन कानात. मला बघून म्हणाले, "सुरू कर की. कधी करणार आहेस?"

खरखरही उतरली, पण सगळी नाही. उरलेली शोधायला रेडिओ बॅटरीवर लावून घरातले बटणं एकेक करून बंद केली. मोठा गुन्हेगार निघाला तो जिन्यातला एक स्वस्त एलईडी बल्ब. बल्ब बदलला. जे कचरा करतं ते तिथेच आवरणं हे कुठल्याही चोकपेक्षा स्वस्त पडतं. चोक हा केबलच्या वाटेने येणारी घाण अडवतो. हवेतून थेट अँटेनावर येणारी घाण तो अडवू शकत नाही.

तुमच्यापैकी कुणाला हे करावंसं वाटलं तर दोन शब्द. हॅम परवान्यासाठी केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची परीक्षा द्यावी लागते. वय बारा पूर्ण असलं की बसता येतं. खालच्या वर्गाला मॉर्स कोड लागत नाही. मुलगा-मुलगी सुट्टीत अभ्यास करून सहज पास होतात. परवाना मिळेपर्यंत नुसतं ऐका, बोलू नका. तार विजेच्या खांबांपासून आणि तारांपासून लांब बांधा. आणि वळवाचा पाऊस गडगडायला लागला की केबल रेडिओपासून काढून घराबाहेर टाका. वीज कुठलाही चोक मोजत नाही.

यंदा मिरग लागायच्या आधी मी आणि कोल्हापूरच्या मित्राने रोज रात्री आठला पाच मिनिटं भेटायचं ठरवलंय. बोलायला विशेष काही नसतं. पाऊस किती, नदी कुठवर, बॅटरी चार्ज आहे का. परवा बाबा जिना चढून वर आले आणि शेजारी खुर्ची ओढून बसले. मित्राचा आवाज येत होता, थोडी खरखर होती, पण शब्द कळत होते. बाबांनी कानातलं मशीन जरा नीट बसवलं आणि मला विचारलं, "पंचगंगेचं काय म्हणतोय तो?"

मी सांगायच्या आधीच म्हणाले, "थांब, कळालं मला."